डब्याचा षड्ज

मंडळी, या वीकेंडचा लेख मिरजेहून. शुक्रवारी रात्री पुण्याला महालक्ष्मी पकडली, पहाटे डोळे चोळत घरी पोचलो आणि चहाचा कप हातात पडायच्या आधी तक्रार पडली. "तुझा तो डबा माझ्या तंबोऱ्याशी भांडतोय," आई म्हणाली.

डबा म्हणजे आमचा डेस्कटॉप. दहावी झाल्यावर, २०१३ साली, बाबांनी जोडून आणला होता. मी पुण्याला गेलो आणि तो आईच्या रियाजाच्या खोलीत गेला. आई घरी गाणं शिकवते, रियाज रेकॉर्ड करते, शिष्यांना क्लिपा पाठवते. तिच्या कामाला तो पुरून उरतो. पण गेल्या दिवाळीपासून तो घुमायला लागलाय, आणि सकाळी चालू केला की दोन मिनिटं कुरकुरतो. ज्यांनी जोडून दिला होता त्यांनी फोनवरच निकाल दिला, "जुना झालाय, नवीन घ्या." बाबांचं मत त्याहून सोपं : भंगार.

मला मात्र त्या कुरकुरीनं घाम फुटला. कारण त्या डब्यात दोन हार्ड डिस्क आहेत, आणि दुसरीवर आजोबांचं गाणं आहे. आईचे वडील कुणी मोठे गवई नव्हते. पण तीसेक कॅसेटी भरून गायले होते. त्या मी २०१८ साली डबा आणि एका वायरीच्या मदतीनं उतरवून घेतल्या, त्यासाठीच ती दुसरी डिस्क घातली. मूळ कॅसेटी मामाकडे सांगलीत तळमजल्यावर होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला जो पूर आला त्यात त्या गेल्या. म्हणजे जगात एकच प्रत, आणि ती कुरकुरणाऱ्या डब्यात. मी नोकरीत काय करतो? लोकांच्या डेटाच्या तीन-तीन प्रती ठेवणाऱ्या सिस्टिमवर काम करतो. हसा, हसा.

तर पहिलं काम बॅकअप. बॅगेतली बाहेरची डिस्क लावली, कॉपी सुरू केली. स्क्रीनवर आलं 'चार तास'. डबा उघडायचा नाही, हलवायचा नाही. मग आईबरोबर सतारमेकर गल्लीत गेलो, कारण तिच्या तंबोऱ्याची जवारी काढायची होती.

ही गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : मिरजेत एका अख्ख्या गल्लीत सतारी आणि तंबोरे बनतात. ओट्यावर भोपळे वाळत असतात. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आत कुणी दांडी तासतंय, कुणी खुंट्या बसवतंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग, मिळालं. पण या धंद्याचा उगम मला नेहमी जास्त आवडत आलाय. हे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले घडवणारे, त्यांना धार लावणारे. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि तलवारीचं गिऱ्हाईक आटत गेलं. इकडे मिरजेच्या पटवर्धनांना गाण्याचा शौक, गवई-वादकांची ये-जा, आणि लांबून येताना वाद्यं मोडायची. ती दुरुस्त कोण करणार? हात ज्यांचा बारीक कामाला बसलाय ते. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी अशी वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली, असं मिरजेत पिढ्यानपिढ्या सांगतात, आणि त्या घराण्याचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. म्हणजे आधी रिपेअर, मग मॅन्युफॅक्चरिंग. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे उलट्या क्रमानं शिकवतात. रिपेअर तर शिकवतच नाहीत.

चाचांनी तंबोरा आडवा घेतला, चारही तारा एकदा छेडल्या आणि लगेच म्हणाले, "ताई, घोडी बसलीय. तारेनं घळ पाडलीय बघा." मला काहीच दिसलं नाही. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, अगदी हलक्या उताराची असते. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि तो झंकार उठतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा सरकवून नेमकी जागा साधायची, ती जवारी. वर्षानुवर्षांच्या वापरानं घोडीवर तारेची रेघ पडली की झंकार मरतो आणि नुसती घरघर उरते. चाचा कानस एकदा फिरवायचे, तार चढवायचे, छेडायचे, ऐकायचे, उतरवायचे. पुन्हा कानस. एक तास. मोजमापाचं एकही यंत्र नाही.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच गोष्टीवर लिहिलंय. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश आवाजातून गायब झाला पाहिजे, असं युरोपातल्या वाद्यांवरून बांधलेला नियम सांगतो. तंबोऱ्यात आणि वीणेत तो गायब होत नाही, चांगला खणखणीत ऐकू येतो. कारण ती उताराची घोडी आणि तो दोरा. नोबेल मिळायला अजून नऊ वर्षं होती.

माझ्या डोक्यात आपला डबा. परत येताना आईला म्हटलं, तू सांग, नेमका कसा वाजतो तो? आई रिक्षात बसून विचार करून म्हणाली, "तीन आवाज आहेत. एक सकाळचा कुरकुरीचा, तो जातो. एक वाऱ्याचा, तो उन्हं चढली की चढतो, क्लिप एडिट करायला घेतली की आणखी चढतो. आणि एक षड्ज धरून बसलाय. तो कधी हलत नाही, पण चढा आहे. माझ्या खर्जापेक्षा किंचित चढा. पहिल्यापासून आहे तो. आता मोठा झालाय आणि हेलकावे खातोय."

च्यायला! मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. हे निदान होतं, आणि मला त्याचं फक्त भाषांतर करायचं होतं.

पंख्याचा वेग मदरबोर्ड ठरवतो. प्रोसेसर तापला की पंखा पळतो आणि सूर चढतो. म्हणजे चढ-उतार होणारा आवाज पंख्याचा. हार्ड डिस्कची तबकडी मात्र काम असो-नसो एकाच वेगानं फिरते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०. न हलणारा सूर डिस्कचा. आई काळी पाचमध्ये गाते. तिचा खर्ज ११६.५ हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याच्या वरची पट्टी, पांढरी सात, साडेतेवीस दशांश पाच नाही, १२३.५ ला. (घाईत टाइप करताना माझी नेहमी अशी गाडी घसरते.) १२० बरोबर मधे! गणित करून पाहिलं, दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ अचूक निम्म्यावर. म्हणजे जगातली प्रत्येक ७,२०० फेऱ्यांची डिस्क पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत बसून गाते. आणि आईच्या खर्जाशी तिचा फरक साडेतीन हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेतीन थरथरी. ते 'भांडण' हे होतं.

पट्ट्यांमधली फट हा मिरज-सांगलीचा जुना विषय आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींची गणितं मांडली आणि १९१० साली पुस्तक काढलं. स्वर लावून दाखवायला त्यांच्याबरोबर कोण होतं? अब्दुल करीम खाँ. पुढे ई. क्लेमंट्स नावाचे आयसीएस अधिकारी या कामात आले, श्रुतींची खास पेटी बनली आणि १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावरून जोरदार वाद झाला. भातखंडे या मंडळींच्या विरुद्ध बाजूला होते. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण गळ्यातली गोष्ट मोजायला बसलेले कलेक्टर आणि शेजारी आ लावणारे खाँसाहेब, हे दृश्य मला कुठल्याही लॅबपेक्षा भारी वाटतं. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि दर वर्षी उरुसात तिथे गाणं होतं.

असो. डब्याकडे येऊ. कॉपी अजून चालू होती. तोवर वाटलं, हा आवाज कधीपासून बिघडला ते शोधू. कुठलाही सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग उघडतो. इथे लॉग कुठला? आईचं रेकॉर्डिंग! दहा वर्षांहून जास्त काळ ती त्याच खोलीत, त्याच माइकवर, चालू डब्याशेजारी रियाज रेकॉर्ड करतेय. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ती गाणं सुरू करायच्या आधीचे दोन-तीन सेकंद असतात. एवढं पुरे. लॅपटॉपवर ऑडॅसिटीत एकेक फाइल टाकली आणि आलेख काढला.

२०१४ : १२० वर एक बारीक टेकडी. एकटी. २०१८ च्या पावसाळ्यापासून त्याच टेकडीला हेलकावा, साधारण पाच सेकंदांना एक. दुसरी डिस्क! दोन्ही डिस्क कागदावर ७,२०० च्या, पण प्रत्यक्षात एक केसभर मागे. दोन सूर जवळ आले की हेलकावे येतात, तंबोऱ्याची जोड लावताना आपण तेच ऐकतो, हेलकावा लांबत लांबत विरला की जोड लागली. इथे जोड कधीच लागणार नाही, एवढाच फरक. आणि गेल्या नोव्हेंबरपासून टेकडीचा डोंगर. सूर तोच, जागा तीच, फक्त आवाज मोठा. डिस्कचं बेअरिंग खराब होत असतं तर नवे सूर दिसले असते, खरखर पसरली असती. इथे सूर स्वच्छ होता. म्हणजे गाणारा तोच, भोपळा बदललाय.

हा जो धागा सापडला त्यानं मी सुटकेचा श्वास टाकला, पण अर्धाच. चार तासांचे पाच झाले, कॉपी संपली, फाइली जुळवून पाहिल्या, सगळ्या नीट. डिस्कचा स्वतःचा आरोग्य-अहवाल पण पाहिला, खराब सेक्टर शून्य. मग उरलेला अर्धा श्वास.

आता हात लावायला हरकत नव्हती. आवाज नेमका कुठून निघतोय हे कान जवळ नेऊन कळत नाही, सगळीकडूनच येतो. गॅरेजवाले लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतात. मी वर्तमानपत्राची सुरळी केली. हसू नका, स्टेथोस्कोपचा जन्मच असा झालाय. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लॅनेक या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानं कागदांची घट्ट सुरळी करून टेकवली आणि काळजाचे ठोके उघड्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. त्याच्याही आधी, १७६१ मध्ये, व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगरनं छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी आहे का ते ओळखायची पद्धत छापली होती. त्याचे वडील खाणावळवाले. पिंप ठोकून दारू कुठवर आहे ते बघायचं, हे पोरानं लहानपणी पाहिलेलं.

आमच्या गावाला हे सांगायची गरज नाही म्हणा. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली, आणि तेव्हापासून लांबलांबची माणसं छातीला नळी लावून घ्यायला मिरजेला उतरतात. त्याआधीही येत असत. फटाक्यानं डोळे अधू झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारासाठी मिरजेला आला. डोळे बरे झाले नाहीत, पण इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

तर सुरळी. पहिल्या डिस्कवर टेकवली, मंद. दुसरीवर, मंद. डब्याच्या डाव्या पत्र्यावर टेकवली आणि कानात भोपळाच! पत्र्यावर तळवा दाबला, आवाज निम्मा. आईला हाक मारली. तिनं दारातूनच सांगितलं, "हं, आता गप्प बसला." डबा बंद करून, वायर काढून पत्रा उघडला तर दुसऱ्या डिस्कच्या चार स्क्रूंपैकी दोनच जागेवर. एक खाली धुळीत सापडला, एक कुठेच नाही. दिवाळीची साफसफाई, डबा हलवला-आपटला, सैल स्क्रू पडला. डिस्क पिंजऱ्याला धडधडत होती, पिंजरा पत्र्याला, पत्रा खोलीला. तंबोऱ्यात याच कामासाठी आपण पैसे देऊन भोपळा बसवतो.

पहिली व्यापारी हार्ड डिस्क, १९५६ ची आयबीएमची रॅमॅक, मिनिटाला १,२०० फेऱ्या घ्यायची, म्हणजे सेकंदाला वीस. माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण तिथेच. तिचा षड्ज कुणाशी भांडला नसता. (वजन मात्र टनाच्या घरात, आणि मावायचं सुमारे पाच एमबी. आजोबांचा एक ख्याल नाही बसणार.) नंतर वेग वाढत गेला आणि यंत्रं गायला लागली. पंख्याचंही तेच. स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज खपायचा नाही. १९७७ च्या ॲपल टूमध्ये पंखा नव्हता आणि ते निभावलं. १९८० च्या ॲपल थ्रीमध्येही नव्हता, तिथे मात्र आतल्या चिपा तापून सॉकेटातून उचलल्या जायला लागल्या, आणि यंत्र थोडं उचलून टेबलावर आपटा असा सल्ला ग्राहकांना मिळायचा. म्हणजे बाबांची टीव्ही-दुरुस्तीची पद्धत. पुढे उलटं टोक आलं. पेंटियम फोर इतका तापू लागला की २००४ मध्ये इंटेलनं त्याचा पुढचा अवतार रद्द केला आणि वेग वाढवण्यापेक्षा कोअर वाढवायची वाट धरली. आज आपले लॅपटॉप गप्प आहेत त्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

आमच्या डब्यात पंख्याखाली, हीट सिंकच्या फटींवर, धुळीचा चक्क नमदा बसला होता. एका अखंड तुकड्यात निघाला. आईनं तो बघून नाक मुरडलं आणि बाबांनी फोटो काढला. खाली पेस्ट वाळून खडू झालेली, ती पुसून नवीन लावली. आधी पंखा २,४०० फेऱ्यांवर पळत होता, आता १,३०० वर भागतं. पंख्याचा एक चांगला गुण असा की वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं पडतो. सकाळची कुरकुर त्याच पंख्याची होती, बेअरिंगमधलं तेल आटलेलं. थंडीत कोरडं घासायचं, गरम झालं की गप्प. मागचा स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. हे तात्पुरतं आहे, नवा पंखा मागवलाय.

उरली डिस्क. स्क्रू आवळून पुन्हा पत्र्याला बांधण्यापेक्षा तिला पत्र्यापासून तोडावं असं ठरवलं. आईच्या शिवणाच्या डब्यातून परकराचं इलॅस्टिक घेतलं, रिकाम्या सीडी-ड्राइव्हच्या खणात चार फेरे ताणले आणि दुसरी डिस्क त्यावर पाळण्यात ठेवावी तशी निजवली. वायरी सैल, चारी बाजूंनी हवा. पहिलीला चारही स्क्रू आणि मधे नळाच्या वायसरातून कापलेल्या रबराच्या चकत्या.

रविवारी संध्याकाळी आईनं नव्या जवारीचा तंबोरा लावला, मी डबा चालू केला. तिनं एक मिनिट डोळे मिटून ऐकलं. "आहे, पण आता तो त्याच्या घरी गातोय," म्हणाली. मग अर्धा तास यमन रेकॉर्ड झाला. मी परतीच्या गाडीआधी घाईनं सुरुवातीचे तीन सेकंद आलेखावर टाकले. १२० चा डोंगर गेला होता, जेमतेम उंचवटा उरला होता.

पण शेजारी, १०० वर, आणखी एक टेकडी होती. आजवर डोंगराच्या सावलीत दडलेली. शंभर म्हणजे विजेच्या पन्नासाची दुप्पट. खोलीतल्या जुन्या ट्यूबलाइटचा चोक. आईला दाखवली तर म्हणाली, "ती होय? ती तुझ्या जन्माआधीपासून आहे."

पुढच्या शनिवारी बघतो. आजोबांच्या फाइलींची एक प्रत पुण्याला आणलीय, दुसरी मामाकडे दिलीय. या वेळी पहिल्या मजल्यावर.